मॅकवर विंडोजचं सॉफ्टवेअर: धोका नक्की कुठे असतो?

मॅक घेतलेल्या संशोधक विद्यार्थ्याला लवकरच कळतं की आलेख काढायचं ओरिजिन मॅकवर थेट चालत नाही. नकाशेवाल्यांचं आर्कजीआयएस प्रो तसंच, हिशेबाचं टॅलीही तसंच. प्रयोगशाळेतल्या कितीतरी उपकरणांबरोबर येणारं सॉफ्टवेअरसुद्धा फक्त विंडोजचं असतं. मग कुणीतरी सांगतं, "अरे, वाइन टाक ना," किंवा "पॅरलल्स घे." आणि पाठोपाठ प्रश्न येतो: यातून मॅकला व्हायरस लागेल का?

प्रश्न रास्त आहे, पण जरा वेगळा विचारला तर उत्तर जास्त उपयोगी पडतं. मॅकओएस काय, पुन्हा टाकता येतं. चार वर्षांचा डेटा आणि थीसिसचा मसुदा पुन्हा टाकता येत नाही. म्हणून विचारायचं असं: हा प्रोग्राम खोटा निघाला, तर त्याचा हात माझ्या कुठल्या फाइलींपर्यंत पोचतो?

संगणकशास्त्रात हा विचार जुना आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व म्हणजे ‘किमान अधिकार’: प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यायचे. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला आकड्यांची फाइल लागते. तुमचे फोटो, बँकेची स्टेटमेंट आणि गाइडला पाठवलेली पत्रं लागत नाहीत. याच कसोटीवर मॅकवरचे मार्ग तपासून बघू.

वाइन

विंडोजच्या प्रोग्रामला फाइल उघडायची असली की तो विंडोजच्या पद्धतीने मागणी करतो. १९९३ मध्ये सुरू झालेलं वाइन ती मागणी मॅकला कळेल अशा मागणीत बदलून देतं. विकत मिळणारं क्रॉसओव्हरही वाइनवरच उभं आहे. यात विंडोज कुठेच नसतं, त्यामुळे विंडोजच्या लायसन्सचा खर्च नाही आणि जागाही कमी लागते.

पण मधे भिंतही नसते. वाइन म्हणजे दुभाषा. "ही फाइल वाच" याचं भाषांतर तो जितक्या इमानाने करतो, तितक्याच इमानाने "ही पुसून टाक" याचंही करतो. वाइनमध्ये ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह सुरुवातीपासूनच असतो आणि तो मॅकच्या सगळ्या फाइलींकडे उघडतो. तो काढला तरी पक्का अडसर तयार होत नाही. वाइन बनवणारे स्वतःच सांगतात की हा सँडबॉक्स नव्हे. जे तुम्ही तुमच्या खात्यातून करू शकता, ते आतला प्रोग्रामही करू शकतो.

"पण विंडोजचे व्हायरस वाइनमध्ये चालतच नाहीत," असं बरेच जण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. विंडोजच्या गाभ्यात शिरून ड्रायव्हर बसवणारे व्हायरस तिथे अडखळतात. रॅन्समवेअरचं काम मात्र मुळात साधं आहे: फाइल वाचायची, कुलूपबंद करून परत लिहायची, मूळ प्रत पुसायची. एखाद्या साध्या एडिटरला ज्या सोयी लागतात, त्याच यालाही पुरतात.

२०१९ च्या कॅटलिनापासून मॅकओएस डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांसाठी परवानगी विचारतं. ही चौकट कामाची आहे. फक्त आपण "ओके" दाबतो तेव्हा परवानगी वाइनच्या ॲपला मिळते, आतल्या एखाद्या ठरावीक प्रोग्रामला नाही. आज ओरिजिनसाठी दिलेली परवानगी उद्या त्याच वाइनमध्ये उघडलेल्या दुसऱ्या कुठल्याही फाइलला आयती मिळते.

मॅकचा पहारेकरी काय करतो?

मॅकमध्ये गेटकीपर आहे, पण त्याची नजर मॅकच्या ॲपवर असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी एक प्रकार उघड केला. टोरेंटवर लिटल स्निच या मॅकच्या फायरवॉलचा इन्स्टॉलर म्हणून एक फाइल फिरत होती. आत होता विंडोजचा ईएक्सई प्रोग्राम, आणि तो मॅकवर चालावा म्हणून सोबत मोनो ही प्रणालीही बांधून दिलेली. गेटकीपर ईएक्सई तपासत नव्हता, त्यामुळे तो सुखरूप आत गेला, संगणकाची माहिती गोळा करून बाहेर पाठवू लागला आणि जाहिरातींची सॉफ्टवेअर उतरवू लागला. ज्यांच्याकडे ही फाइल आली त्यांनी वाइन टाकलेलंही नव्हतं.

व्हर्च्युअल मशीन

पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा यूटीएममध्ये अख्खं विंडोज एका बंद खोलीत चालतं. ही भिंत खरी आहे. अभेद्य नाही, २०२१ च्या प्वन-टू-ओन स्पर्धेत संशोधकांनी पॅरलल्समधून बाहेर पडून दाखवलं होतं. पण असे हल्ले अवघड असतात आणि अपडेट आले की त्या फटी बुजवल्या जातात.

रोजचा धोका वेगळाच आहे: भिंतीला दार आपणच पाडतो. ‘शेअर्ड फोल्डर’ चालू असला की मॅकचे फोल्डर आतल्या विंडोजला नेटवर्क ड्राइव्हसारखे दिसतात, आणि रॅन्समवेअर नेटवर्क ड्राइव्हही सोडत नाही. स्नॅपशॉटवरही भिस्त ठेवू नका. स्नॅपशॉटने आतलं विंडोज कालच्या स्थितीत जातं. शेअर केलेल्या फोल्डरातली, मॅकवर राहणारी थीसिस जात नाही.

शिवाय आतलं विंडोज हे पूर्ण विंडोजच आहे. मॅक अपडेट केला म्हणून ते अपडेट होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ रोजीच. जुन्या उपकरणासाठी असं विंडोज ठेवावंच लागलं, तर त्या व्हर्च्युअल मशीनचं इंटरनेट बंद ठेवा.

इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पही आहे. त्यात विंडोज थेट यंत्रावर चालतं आणि मॅकओएस तेव्हा झोपलेलं असतं, म्हणजे मॅकचा कुठलाच पहारा नाही. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या चिपांवर ही सोय नाही.

मग करायचं काय?

ओळखीचं, अधिकृत ठिकाणाहून घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर वाइन चालेल, पण त्यासाठी मॅकवर वेगळं, साधं खातं उघडा. त्या खात्यात थीसिस नको, मेल नको. स्रोताची खात्री नसेल तर व्हर्च्युअल मशीन वापरा आणि शेअरिंग बंद ठेवा. पॅरलल्समध्ये विंडोजला मॅकपासून वेगळं ठेवण्याचा पर्याय सुरक्षेच्या सेटिंगमध्ये आहे. फाइलींची देवाणघेवाण करायचीच असेल तर त्यासाठी एकच रिकामा फोल्डर शेअर करा आणि त्यात फक्त प्रती ठेवा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ते ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतं तेव्हाच थांबा. विद्यापीठाचं लायसन्स आहे का, हे आधी विभागात विचारा. बऱ्याचदा असतं आणि आपल्याला माहीत नसतं.

आणि बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला तुमच्याइतकीच जवळ असते.