माळाखालचा चुना

माणदेशात दहिवडी-म्हसवडकडे किंवा आटपाडी-सांगोल्याकडे फिरताना नव्याने खोदलेली एखादी विहीर दिसली, तर थांबून तिच्या कडा जरूर पाहाव्यात. वरचा हात-दीड हात थर करडा-तपकिरी असतो. ही माती चिमटीत चुरडली तर वाळूसारखी खरखरत नाही आणि काळ्या रानासारखी बोटांना चिकटतही नाही. हा पोयटा. त्याखाली पांढरे ठिपके दिसू लागतात. आणखी खाली बोरापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे वेडेवाकडे खडे लागतात, मग खडेच खडे असलेला पांढरट पट्टा आणि त्याच्या तळाशी मुरूम. त्यातला एक खडा घासून स्वच्छ करावा आणि त्यावर लिंबू पिळावं. बारीक बुडबुडे उठतात. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, तर खडा चक्क फसफसतो. बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि खडा असतो कॅल्शियम कार्बोनेटचा. शेतकऱ्याच्या भाषेत चुनखड.

हा चुना कुणी बाहेरून आणून टाकलेला नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. खडक झिजला की ते सुटं होतं. मुळांच्या आणि जीवजंतूंच्या श्वासातून मातीत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात मिसळला की कॅल्शियम विरघळून खाली झिरपतं. पुढे सगळं पावसावर अवलंबून. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे कॅल्शियम धुऊन जातं आणि मागे राहतो लोहाने तांबडा झालेला आम्लधर्मी जांभा. तिथून पूर्वेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाणी थोडं खाली जातं आणि उन्हाने परत वर ओढलं जातं, चुना मात्र वाटेतच बसतो. बंबाच्या तळाशी पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे एकेक थर बसायला शतकं लागतात. खडक तोच, एका बाजूला जांभा, दुसऱ्या बाजूला चुनखड. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेने केलेली ही वाटणी आहे.

या मातीला सरसकट वाईट म्हणणं हा तिच्यावर अन्याय होईल. कॅल्शियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, रवाळ ढेकळं होतात, हवा खेळती राहते आणि पाण्याचा निचरा होतो. पोयट्यामुळे थोडीफार ओलही टिकते. मात्र चुनखड पायाशी असल्याने सामू, म्हणजे पीएच, आठच्या पुढे जातो आणि तिथे अडचण सुरू होते. स्फुरद टाकलं की त्याचं कॅल्शियम फॉस्फेट होऊन ते मातीतच अडकतं. लोह तर बेसाल्टच्या मातीत रगड असतं, पण एवढ्या सामूला ते विरघळत नाही, म्हणजे मुळांना मिळत नाही. जस्ताची तीच गत. माती परीक्षणाच्या अहवालात ‘मुक्त चुना’ असा एक रकाना असतो. खतांच्या आकड्यांकडे पाहण्याच्या नादात बहुतेकांचं लक्ष त्याच्यावरून घसरतं, आणि या पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच असतो.

जुन्या लोकांकडे हा रकाना नव्हता, पण जमिनीचा स्वभाव त्यांनी ओळखला होता. खोल काळ्या रानात शाळू. मध्यम जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा. आणि ज्या माळावर नांगर घातला की पांढरे खडे वर येतात, तो गवताला सोडायचा. मारवेल, पवना, डोंगरी, अंजन ही या कोरड्या माळांची गवतं. त्यांतलं अंजन तर चुनखडीच्या हलक्या पोयट्यात विशेष रमतं. त्याची मुळं खोल जातात, कोरड्या वर्षात ते वाळल्यासारखं दिसतं आणि वळवाचा एक पाऊस पडला की पुन्हा फुटतं. खिल्लार बैल याच माणदेशचा. लांब पल्ल्याला चिवट, खुरांना टणक अशी त्याची ख्याती. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची मेंढी याच कोरड्या पट्ट्यातली. ही जनावरं फक्त या मातीमुळे घडली असं म्हणता येणार नाही. धनगरांची आणि शेतकऱ्यांची निवड त्यात मोठी आहे. पण ज्या जमिनीतून धान्य फारसं निघत नाही, तिच्यातून दूध, लोकर, मटण आणि ओढकाम काढायची रीत त्यांनी बसवली, हे मात्र खरं.

त्या रितीचा दुसरा भाग म्हणजे मेंढरं खताला बसवणं. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे हलतात, फलटण भागातले कितीतरी कळप घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात रात्रभर कळप बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. लेंडी आणि मूत्र थेट मातीत जिरतं. चुनखडीच्या जमिनीला याची गरज सर्वांत जास्त, कारण सेंद्रिय खत कुजताना निघणारी आम्लं मुळांभोवतीचा सामू तात्पुरता खाली आणतात आणि अडकलेलं लोह, स्फुरद थोडं थोडं सुटं करतात.

माळाखालच्या चुन्याचा एक उपयोग बांधकामाचाही. चुनखडीचे खडे गोळा करून भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायचा आणि दगडांच्या सांध्यात भरायचा. भिंतीत तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे तंत्र फार जुनं आहे. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुंभाराबरोबर चुना तयार करणाऱ्या कारागिराच्याही खुणा मिळाल्या. सिमेंट आलं आणि खडे वेचायचा धंदा बसला.

गेल्या तीन-चार दशकांत या माळाचा नूरच पालटला. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि सांगोला-आटपाडीच्या बरड जमिनींवर डाळिंब आणि बोर उभं राहिलं. डाळिंब थोडी चुनखड सोसतं, कोरडी हवा त्याला मानवते. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी आलं आणि माळावर ऊस दिसू लागला. पाण्याची चणचण संपली की मातीची चणचण जाणवायला लागते, ती इथून.

उसाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि मग सगळं पानच पांढुरकं होतं. याला केवडा म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं नत्र कमी पडलं, म्हणून युरियाची पोती फुटतात. दुखणं असतं लोहाचं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारलं की आठवड्यात हिरवेपणा दिसतो, पण तेच हिराकस नुसतं जमिनीत फेकलं तर मुक्त चुना त्याला लगेच निकामी करतो. म्हणून ते शेणखतात मुरवून द्यायचं. चिलेटेड लोह घ्यायचं तर इडीटीए या सामूला टिकत नाही, इडीडीएचए टिकतं; दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात आणि किमतीत बराच फरक असतो. विहिरीचं पाणी जड असेल तर ठिबकच्या तोट्यांवर पांढरी पुटं चढतात. ती आम्लाच्या पाण्याने सोडवावी लागतात, आणि विहिरीचं ते जड पाणी प्रत्येक पाळीला रानात आणखी चुना टाकत असतं.

मग चुनाच काढून टाकला तर? हिशेब करून पाहावा. एका हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती ढोबळमानाने २,००० टन भरते. मुक्त चुना १० टक्के धरला तर तो २०० टन झाला. तो मारायला ६४ टन गंधक लागेल! एकरी चार-दोन पोती गंधकाने मुळांजवळचा सामू थोडा उतरेल, जमीन बदलणार नाही. आणि जिप्समचा तर इथे संबंधच नाही. ते चोपण जमिनीचं औषध, जिथे सोडियम मातला आहे. चुनखडीत जिप्सम टाकणं म्हणजे कॅल्शियममध्ये कॅल्शियम ओतणं. अर्थात खाली चुना साचत गेला की मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही दुखणी एकत्र असतात. म्हणून आधी तपासणी, मग पोती.

सर्वांत मोठं नुकसान मात्र खतांच्या चुकीने होत नाही, सपाटीकरणाने होतं. जेसीबी लावून उंचवटा कापला की वरचा हात-दीड हात पोयटा बांधाखाली गाडला जातो आणि चुनखडीचा पट्टा उघडा पडतो. माती तयार व्हायला शतकं, यंत्राला एक सकाळ. मग त्याच वावरात एका कडेला पीक कंबरेला लागतं आणि दुसऱ्या कडेला गुडघ्याला.

म्हणून फळबाग लावायची असेल तर लावणीआधी मीटरभर खोल खड्डा घेऊन थरवार नमुने तपासावेत, वरवरची ओंजळभर माती पुरत नाही. मुक्त चुना १० टक्क्यांच्या पुढे असेल तर संत्री-मोसंबीचा नाद सोडावा, डाळिंबाबाबतही तज्ज्ञाला विचारावं. बोर, सीताफळ, आवळा हे त्यातल्या त्यात सोशिक. आणि ज्या तुकड्यात खडेच खडे आहेत, तिथे मारवेल-अंजनाचं कुरण करून, फुलोऱ्याआधी कापून, आळीपाळीने चारावं. अति चराई झाली की चांगली गवतं हटतात आणि कुसळी माजते, तिची कुसळं लोकरीत अडकतात. वैरणीचे भाव पाहता या तुकड्याला पडीक म्हणायचं कारण उरलेलं नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद काहीही असो, पाणी आणि खत न मागता दरवर्षी काहीतरी हातात देणारा शेतातला तो एकमेव भाग असू शकतो.