आपला माल, आपली छाप

घोडबंदर रोड माजिवड्याहून निघतो आणि कासारवडवली, ओवळे, गायमुख अशी गावं घेत पुढं जातो. एका अंगाला येऊरचा डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला खाडी. पूर्वी इथं भातशेती होती. आता उंच इमारती झाल्या आहेत. माणसं वाढली, तसं घरच्या मालाला गिऱ्हाईकही वाढलं.

समजा, ओवळ्याची एक ताई आगरी मसाला करते. मिरच्या निवडते, वाळवते, भाजते, डंकावर कुटून आणते. पुडीवर 'टिटवी छाप' हे नाव आणि टिटवीचं चित्र आहे. पाच वर्षांत तिनं गिऱ्हाईक जोडलं. एक दिवस एक बाई म्हणाल्या, "ताई, यंदा मसाल्याला भुशाची चव लागते हो!" ताईनं पुडी पाहिली. नाव तेच, टिटवी तीच. पण पुडी तिची नव्हती.

ताईचे डबे भरलेले होते, गल्लाही जागेवर होता. तरी चोरी झाली. लोक ज्या नावावर विश्वासून पुडी घेत, ते नावच दुसऱ्यानं वापरलं. मालाचं नाव ही जमिनीसारखीच मालमत्ता आहे. तिचीही सरकारात नोंद होते.

ताई म्हणते, "माझ्याकडं अन्न परवाना आहे. उद्यम नोंदणीही केली आहे." दोन्ही कागद हवेतच. पण त्यांनी नावाचा हक्क मिळत नाही. त्यासाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. ट्रेडमार्क म्हणजे व्यापारी छाप. तिचं सरकारी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला एका वर्गाच्या मालासाठी तशा अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे.

नाव निवडताना जपावं. 'शुद्ध मसाला' किंवा 'आगरी मसाला' एवढ्याच नावाची नोंद सहसा होत नाही. ते शब्द साऱ्यांचे आहेत. 'टिटवी'सारखं वेगळं नाव घ्यावं. ते आधी कुणी नोंदलं आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

अर्जाची तपासणी होते. मग नाव सरकारी जर्नलात छापतात. चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत नसली, तर दाखला मिळतो. तो अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतो. पुढं दर १० वर्षांनी फी भरून नवा करता येतो. दाखला हाती येण्याआधी पुडीवर गोलातला 'आर' छापू नये. तो गुन्हा आहे.

नोंद नसली तरी ताईला कोर्टात जाता येतं. पण नाव आपलं आहे, हे तिलाच सिद्ध करावं लागतं. म्हणून जुनी बिलं, जुन्या पुड्या, छापखान्याच्या पावत्या तारखेसह जपून ठेवाव्यात.

टिटवीचं चित्र दुसऱ्याकडून काढून घेतलं असेल, तर त्याचे हक्क आपल्याला दिल्याचं लिहून घ्यावं. मसाल्याची कृती मात्र घरातच राखावी. नुसत्या मिश्रणाला पेटंट सहसा मिळत नाही.

काही नावं एकट्याची नसतात. येऊरच्या पाड्यांवर वारली बांधव राहतात. त्यांच्या समाजाची चित्रकला जगभर पोचली. कुणीही ती छापून 'वारली' म्हणून विकू लागलं. तेव्हा आदिवासींच्या एका संस्थेनं अर्ज केला. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या प्रदेशाचा आणि कलेचा संबंध सरकारानं मान्य केला. असं मानांकन एका माणसाला विकता येत नाही. तिथले कलाकार अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवू शकतात. गाव करी ते राव न करी, ते असं.

आपलं पीठ, पापड, लोणचं, मसाला लहान असेल. पण नाव चांगलं झालं की नक्कल येणारच. मग धावाधाव करणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून आम्ही म्हणतो, पुड्यांची पहिली मोठी खेप छापण्याआधी नाव शोधा आणि अर्ज करा. बचत गट असेल, तर नाव कुणाच्या नावे नोंदायचं हे बैठकीत ठरवा आणि वहीत लिहून साऱ्यांच्या सह्या घ्या. आता आपल्याला लिहिता येतं!