चरबीची गाठ : शस्त्रक्रियेविना उपचार कितपत शक्य?

पाठीवर, खांद्यावर किंवा दंडावर त्वचेखाली मऊ गाठ हाताला लागली की घरातील सर्वांचीच झोप उडते. वरणगाव परिसरातील रुग्ण अशा वेळी बहुधा दोन प्रश्न घेऊन येतात : ही गाठ कर्करोगाची तर नाही ना? आणि कापल्याशिवाय जाईल का?

चरबीच्या पेशींची, पातळ वेष्टनातील ही निरुपद्रवी वाढ म्हणजे लायपोमा. ती प्रामुख्याने ४० ते ६० या वयात आढळते. बोटाने दाबल्यास सरकते, सहसा दुखत नाही आणि अतिशय सावकाश वाढते. काही घराण्यांत ती आनुवंशिक असते. सडपातळ माणसालाही ती होते आणि वजन घटवल्याने ती विरत नाही.

निदान निश्चित असेल आणि त्रास नसेल, तर काहीही न करणे हाच उत्तम उपचार होय. दर सहा महिन्यांनी गाठ मोजून तारखेसह नोंद ठेवावी.

लहान गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. त्याने गाठ आक्रसते. परंतु बहुधा पूर्णपणे नाहीशी होत नाही. त्या जागी त्वचा पांढुरकी पडू शकते, खळगा राहू शकतो. मधुमेही व्यक्तीची साखरही काही काळ वाढू शकते.

डीऑक्सिकोलिक आम्ल या, पित्तात आढळणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन चरबीच्या पेशी फोडते. अमेरिकेत २०१५ साली त्यास मान्यता मिळाली, ती हनुवटीखालील चरबीसाठी, लायपोमासाठी नव्हे. सूज, वेदना, क्वचित जखम वा मज्जातंतूला इजा संभवते. नळीने चरबी शोषून घेण्याच्या लायपोसक्शनमध्ये व्रण लहान राहतो; मात्र वेष्टन मागे उरल्यास गाठ पुन्हा उद्भवू शकते. शिवाय छोटा छेद द्यावाच लागतो.

इंजेक्शनांची एक मर्यादा सहसा ध्यानात येत नाही. काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासता येते. इंजेक्शनाने विरवलेली गाठ तपासण्यासाठी उरतच नाही. म्हणून आधी निदान, मगच सुई. ‘शस्त्रक्रिया नको’ याचा अर्थ ‘तपासणी नको’ असा कधीही होत नाही. गरजेनुसार सोनोग्राफी किंवा सुईने पेशी काढून तपासणी करावी.

बिब्बा लावणे, डाग देणे किंवा टोचून पिळणे यांनी गाठ जात नाही. भाजलेली जखम आणि पू मात्र पदरी पडतो. चरबीची गाठ विरघळवणारी खात्रीची गोळी वा काढा उपलब्ध नाही.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, झपाट्याने वाढणारी, कठीण, खोलवर घट्ट रुतलेली, दुखणारी किंवा काढल्यावर पुन्हा आलेली असेल, तर विलंब करू नये. मानेतील गाठीसोबत ताप व वजन घटणे असेल, तर क्षयरोगाचा विचार करावा लागतो. जांघेतील फुगवटा हर्निया असू शकतो. स्तनातील गाठ आणि तान्ह्या बाळाच्या कमरेवर मणक्याच्या रेषेतील गाठ यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

काढावीच लागली, तर बहुतेक लहान गाठी जागा बधिर करून काढता येतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभाग आहेत. गाठीवर घरगुती प्रयोग करण्यापूर्वी ती एकदा डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्यावी.