तिघांत मावलेली शोकांतिका

आई मिरवत येते. तिच्या लेखी हातात सिंहाचं मुंडकं आहे. प्रेक्षकांना दिसतं ते तिच्याच मुलाचं, राजा पेन्थिअसचं शिर. युरिपिडीसच्या ‘बाखाय’ नाटकातला हा प्रवेश वाचतानाच अंगावर काटा येतो. पण चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये तो कसा झाला असेल, ते कळलं की थक्क व्हायला होतं.

तिथे शोकांतिकेत बोलणारे नट तीनच. सगळे पुरुष, सगळे मुखवट्यात, आणि सगळ्या भूमिका त्यांनीच वाटून घ्यायच्या. पेन्थिअस मरतो तो पडद्याआड. दूत येऊन ती हकिगत सविस्तर सांगतो. तेवढ्या वेळात आत नट मुखवटा बदलतो, कारण मुलगा आणि आई या दोन्ही भूमिका एकाच नटाकडे असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आईच्या हातातलं शिर? बहुधा पेन्थिअसचा मुखवटाच. म्हणजे नट स्वतःच्या मघाच्या चेहऱ्याकडे पाहून टाहो फोडणार!

2015 मध्ये लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये दिग्दर्शक जेम्स मॅकडॉनल्डने हे नाटक तीनच नटांत बसवलं. बर्टी कार्व्हेल आधी पेन्थिअस झाला, मग आई. मला हा निर्णय फार धीट वाटतो. तीन नट म्हणजे काटकसर, असं आपण समजतो. इथे तोच नाटकाचा अर्थ होतो.

खरी कसोटी मात्र कोरसची. पंधराएक जण गात-नाचत जवळजवळ अखेरपर्यंत समोर असतात. अथेन्समध्ये हे साधे नागरिक असत आणि त्यांच्या तालमीचा खर्च एखादा धनिक उचले. आज इतक्यांना पगार कोण देणार? मग संख्या घटते, गाणी कापली जातात, नाहीतर सगळे एका सुरात शाळेतल्या प्रार्थनेसारखे बोलतात. अल्मेडाने त्या स्त्रियांना वाद्यांविना गायला लावलं, ते बरं केलं.

आणि या मंडळींनी करायचं काय? युरिपिडीसच्याच ‘मीडिया’ नाटकात नायिका मीडिया स्वतःच्या पोरांना मारण्याचा बेत कोरससमोरच बोलून दाखवते. त्या बायका विनवतात, पण अडवत नाहीत. आतून मुलांच्या किंकाळ्या येतात, तेव्हाही आत जावं का, यावर बोलतच राहतात. आजचा प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतो: अरे, जा ना कोणीतरी! कोरस कापणारा दिग्दर्शक नेमकी ही चुळबुळच कापून टाकतो.