बोलिव्हियाचे रोप, जळगावचा भुईमूग

१९५९ साली पूर्व बोलिव्हियात रोबोरे गावाच्या परिसरात तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी भुईमुगाच्या गोतातल्या एका रानटी रोपाचे बी गोळा केले. ग्रेगरी, क्रापोविकास आणि पिएत्रारेली या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याचा नोंदक्रमांक पडला : जीकेपी १००१७. रोपाला नीटसे नाव नव्हते, दाणे बारीक होते आणि बाजारात त्यांना कोणी विचारले नसते. २०२१ साली डेव्हिड बर्टिओली आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या भुईमुगाच्या वाणांच्या वंशावळी आणि डीएनए तपासले, तेव्हा या एकाच नोंदीचा वारसा ३० देशांतल्या २५१ वाणांत आणि पैदास-ओळींत सापडला. ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. बियाणे मुक्तपणे फिरले म्हणून जगाचे भले झाले, असे पैदासकार म्हणतात. गरीब देशाचे रोप नेले आणि त्याला काही दिले नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही विधाने खरी आहेत, पण दोन्ही पक्षांचे सगळे लक्ष बियाण्याच्या पाकिटावर खिळले आहे. या प्रकरणात मोल होते ते पाकिटापेक्षा त्यावरच्या अक्षरांना : रोप कुठले, कोणत्या गोताचे, कोणाच्या जवळचे, या माहितीला. आणि ती माहिती बहुतांशी दक्षिण अमेरिकेत राहून, तिथली माती तुडवून जमवली गेली.

भुईमुगाच्या बाबतीत हे इतके खरे का, याचे उत्तर त्याच्या शेंगा धरण्याच्या पद्धतीत आहे. फूल जमिनीच्या वर येते, फलधारणा झाली की देठासारखी आरी खाली झुकते, मातीत शिरते आणि शेंग अंधारात भरते. आऱ्या सुटण्याच्या वेळी जमीन भुसभुशीत हवी, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रानात मात्र या सवयीचा परिणाम फार दूरवर जातो. शेंग आईच्या पायाशीच पुरलेली, तिला वारा उडवत नाही की पाखरू उचलत नाही. पुराच्या पाण्याने माती वाहून गेली तरच बी दूर जायचे. त्यामुळे भुईमुगाच्या प्रजातीतल्या जाती पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या खोऱ्याला धरून राहिल्या. ब्राझील, बोलिव्हिया, पराग्वे, अर्जेंटिना आणि उरुग्वे या पाच देशांबाहेर एकही रानटी जात नाही, आणि काहींचा मुलूख एखाद्या तालुक्याएवढाच आहे. असे रोप कोणत्या नदीकाठी मिळाले हे लिहून ठेवले नाही, तर त्या बियाण्याची निम्मी किंमत गेली.

अंतोनियो क्रापोविकास (१९२१–२०१५) यांनी हे लिहून ठेवण्यात आयुष्य घालवले. ते अर्जेंटिनाचे. ईशान्य अर्जेंटिनातल्या कोरिएंतेस शहरात त्यांनी उभ्या केलेल्या वनस्पतिशास्त्र संस्थेत या प्रजातीचे नमुने जमत गेले. १९६९ च्या एका लेखात त्यांनी मांडले की लागवडीचा भुईमूग दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या टापूत, अँडीजच्या पायथ्याशी जन्मला असावा. तेव्हा हाताशी जनुकीय पुरावा नव्हता. होते ते स्थानिक वाणांचे वैविध्य आणि रानटी जातींच्या वस्त्यांची माहिती. पुढे सत्तरच्या दशकात दक्षिण बोलिव्हियात व्हिया मोंतेसजवळ इपा नावाच्या ठिकाणी एक रानटी जात हाती लागली. गावाच्या नावावरून ती ‘इपाएन्सिस’ झाली. १९९४ साली क्रापोविकास आणि ग्रेगरी यांचा या प्रजातीवरचा ग्रंथ कोरिएंतेसच्याच ‘बोनप्लांदिया’ नियतकालिकात स्पॅनिशमध्ये निघाला. त्यात ६९ जातींचे वर्णन आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला २००७ उजाडले. रोबोरेच्या त्या रोपालाही रीतसर नाव याच ग्रंथात मिळाले : ‘कार्डेनासी’, बोलिव्हियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मार्तिन कार्देनास यांच्यावरून. बी गोळा केल्यापासून बारशापर्यंत ३५ वर्षे गेली.

या पायाभरणीचे फळ २०१६ मध्ये दिसले. लागवडीच्या भुईमुगात ४० गुणसूत्रे असतात, म्हणजे २०–२० गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींचा तो संकर आहे. एक पालक ‘डुरानेन्सिस’, वायव्य अर्जेंटिना आणि लगतच्या बोलिव्हियातला. दुसरा इपाचा. दोन्हींचे जनुकसंच उलगडल्यावर असे दिसले की इपाच्या रोपाचा डीएनए आपल्या शेंगदाण्याच्या त्या अर्ध्या भागाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो आणि दोघांची फारकत सुमारे ९,४०० वर्षांपूर्वीची असावी. इपाच्या रोपाचे रानटी भाऊबंद तर शेकडो किलोमीटर उत्तरेला राहतात. वर्षाला जेमतेम हातभर सरकणारी वनस्पती एवढ्या लांब आली कशी? संशोधकांचा निष्कर्ष असा की त्या काळच्या माणसांनी शेंगा बरोबर आणल्या, ‘डुरानेन्सिस’च्या शेजारी लावल्या आणि संकर घडला. पेरूच्या न्यांचोक खोऱ्यात सापडलेले सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीचे शेंगांचे अवशेष याला पूरक आहेत. पेरूतल्याच सिपान इथल्या प्राचीन मोचे राजाच्या थडग्यात तर सोन्याच्या दहा आणि चांदीच्या दहा शेंगांचा हार निघाला. प्रयोगशाळेने काय सिद्ध केले? क्रापोविकासांचा पायी केलेला अंदाज बरोबर होता, एवढेच. आणि ते सिद्ध करायला वापरलेले इपाचे रोप त्यांच्याच संग्रहातले होते.

आता रोबोरेचे रोप जळगावला कसे पोचले ते पाहू. साठच्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात त्याचा लागवडीच्या भुईमुगाशी संकर केला गेला. ४० आणि २० गुणसूत्रांच्या जोडप्याला ३० गुणसूत्रांचे अपत्य होते आणि ते वांझ असते. कोल्चिसीन वापरून (आपल्या कळलावीतही हे द्रव्य असते) गुणसूत्रे दुप्पट केली की ६० गुणसूत्रांचे सुफळ रोप मिळते. मग पुन्हापुन्हा भुईमुगाशी संकर करत ४० वर यायचे आणि वाटेत रानटी पालकाचा हवा तो गुण टिकवायचा. हवा होता तो तांबेरा आणि टिक्का या पानांवरच्या रोगांचा प्रतिकार, जो लागवडीच्या वाणांत फारच दुबळा आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत अशा संकरांतून ओळी निघाल्या. त्यांतल्या एकीपासून धारवाडच्या कृषी विद्यापीठात जीपीबीडी-४ हे वाण झाले. पुढे जीपीबीडी-४ मधला तांबेरा-प्रतिकाराचा गुणसूत्रखंड नेमका हेरून तो तीन लोकप्रिय वाणांत उतरवला गेला, त्याचा अहवाल २०१४ साली आला. त्या तीन वाणांत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे टॅग-२४ होते आणि जळगावचे जेएल-२४, म्हणजे ‘फुले प्रगती’, होते.

आक्षेप इथेच येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोलिव्हियाला काय मिळाले? दक्षिण अमेरिकेची आठवण कडू आहे. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या आणि काही दशकांत आशियातल्या मळ्यांनी ॲमेझॉनचा रबर-व्यापार मोडला. १९९४ साली तर बोलिव्हियाच्या ‘अपेलावा’ किनोआच्या एका गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले, ते बोलिव्हियाच्या शेतकऱ्यांच्या विरोधानंतर १९९८ मध्ये सोडून देण्यात आले. हळदीच्या पेटंटविरुद्ध माशेलकरांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेणाऱ्या देशाने तरी या संतापाला भाबडेपणा म्हणू नये. १९९२ च्या जैवविविधता कराराने वनस्पतींवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मान्य केला, तो रबरासारख्या इतिहासामुळेच.

पण हक्क मान्य करणे वेगळे आणि दाराला कुलूप घालणे वेगळे. २००१ च्या आंतरराष्ट्रीय बियाणे-कराराने पिकांची एक यादी केली, त्यांचे वाण सर्वांना सोप्या अटींवर मिळावेत म्हणून. बटाटा तीत आहे, भुईमूग नाही. अर्थात बहुतेक देवाणघेवाणींना वेगळी वाटाघाट आली आणि २०२१ चे संशोधक सांगतात की नवे संकलन आणि बियाण्याची ये-जा त्यामुळे कमालीची घटली. बोलिव्हियाच्या तिजोरीत याने भर पडली काय? जीकेपी १००१७ चा उपयोग १९५९ मध्ये कोणालाच माहीत नव्हता. तेव्हा वाटाघाट करायची म्हटली असती तरी किंमत कशाची ठरवणार होते? न ओळखलेल्या रोपावरची मालकी कागदावरच राहते. उलट ओळखीचे काम करणारी माणसे आणि वनस्पतिसंग्रहालये देशात असतील, तर वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायला काहीतरी असते. ब्राझीलने १९७४ मध्ये ब्राझिलियात वनस्पती-संपदेचे स्वतंत्र केंद्र काढले आणि आज रानटी भुईमुगावरच्या संशोधनात त्या देशाचे नाव टाळता येत नाही.

आता प्रत्यक्ष रोपाची गरजच काय, जनुकक्रम संगणकावर आहे, जनुक-संपादनाने हवे ते घडवा, असेही कोणी म्हणतात. पण तांबेऱ्याचा प्रतिकार एका अक्षराचा बदल नव्हता. तो गुणसूत्राच्या एका तुकड्याबरोबर आला, आणि तो तुकडा शोधायला आधी रोगाला तोंड देणारे जिवंत रोप लागले. संगणकावरच्या माहितीतूनही मूळ देशाला वाटा मिळावा म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत ‘काली निधी’ सुरू झाला, त्यात कंपन्यांनी नफ्याचा काही हिस्सा घालावा अशी अपेक्षा आहे. देणे ऐच्छिक आहे, म्हणून फार आशा धरू नये. पण जो पैसा येईल तो कोरिएंतेससारख्या संस्थांच्या मोहिमांना, नमुन्यांच्या कपाटांना आणि तरुण वर्गीकरणतज्ज्ञांच्या पगाराला गेला पाहिजे. वर्गीकरणाला आज कोणी प्रतिष्ठेचे शास्त्र मानत नाही. दोष त्या शास्त्राचा नाही, अनुदान वाटणाऱ्यांचा आहे.

बी शीतपेटीत आहे ना, मग रान राहिले काय नि गेले काय, हा शेवटचा युक्तिवाद सर्वांत धोकादायक. इक्रिसॅटच्या पेढीत भुईमुगाच्या सुमारे पंधरा हजार नोंदी आहेत, त्यांत रानटी जातींचा वाटा थोडा. शीतपेटीतले बी रोगाच्या नव्या अवताराशी झुंजत नाही, ते साठवले त्या वर्षीच थांबलेले असते. झुंज रानात चालू असते, आणि २०१९ च्या वणव्यांत रोबोरेभोवतीचे चिकितानियाचे रान मोठ्या प्रमाणावर जळाले. इपाच्या रोपाची तर इपाखेरीज दुसरी वस्ती कधी सापडलीच नाही. जगातल्या बियाणे-पेढ्यांत त्या जातीचे जे बी आहे, ते सगळे त्या एका जागेवरून आलेले आहे.