रिकाम्या दिवसांचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाला 'यंदा सुट्टीत कुठे?' असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते, 'भारतात!' ते योग्यच आहे. तिकडे आई-वडील वाट बघत असतात. पण वाचकहो, भारताची फेरी ही भेट असते, विश्रांती नव्हे. तीन आठवड्यांत दोन लग्ने, एक मुंज, बँकेची कामे, दातांचा डॉक्टर आणि रोज कोणाकडे तरी जेवण! परत येताना चार बॅगा आणि एक खोकला घेऊन आपण सोमवारी सकाळी कामावर हजर. दुसरा प्रकार म्हणजे 'पाच दिवसांत सात शहरे'. त्यात फोटो भरपूर मिळतात, झोप मात्र मिळत नाही.

आम्ही दोघेही सॉफ्टवेअर क्षेत्रात. कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या वर्षी नवऱ्याच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १४६/९४ निघाला. वय अडतीस. घरी आठवडाभर मोजला तरी आकडा फारसा उतरेना. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला आणि रोज चालायला सांगितले, आणि जाता जाता विचारले, 'शेवटची विश्रांती कधी घेतलीत?' आम्हाला उत्तर सुचेना. सासूबाई-सासरे इथे आलेलेच होते. मुलीला त्यांच्यावर सोपवून सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही दोघेच हवाईतल्या कवाई बेटावर आठ दिवस राहून आलो. त्या आठ दिवसांपैकी पाच दिवस आम्ही मुद्दाम रिकामे ठेवले होते. त्या रिकाम्या दिवसांचा हा हिशेब आहे.

विश्रांती खरेच उपयोगी असते का?

या विषयावर थोडेफार संशोधन झाले आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या सुमारे १२ हजार मध्यमवयीन पुरुषांच्या माहितीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर ९ वर्षे लक्ष ठेवले होते. नियमित वार्षिक सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. मुळात तब्येत आणि पैसा बरा असणारेच सुट्टी घेऊ शकतात, ही शंका अशा अभ्यासात पूर्णपणे कधीच फिटत नाही. म्हणून सुट्टीला औषध म्हणू नये. पण आपण दक्षिण आशियाई मंडळी हृदयविकाराच्या बाबतीत अधिक जोखमीच्या गटात मोडतो. कोलेस्टेरॉलविषयीच्या २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही तशी नोंद आहे. तेव्हा हा विषय चैनीचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधला, २०१० चा, सुमारे दीड हजार लोकांचा. सुट्टीचा आनंद खरा दिसला तो जाण्यापूर्वी, वाट बघण्यात! परत आल्यावर सुट्टीवर जाऊन आलेले आणि न गेलेले यांच्यात फरक उरला नाही. अपवाद एकाच गटाचा. ज्यांनी आपली सुट्टी 'अतिशय निवांत' होती असे सांगितले, त्यांचाच आनंद परतल्यावर थोडे दिवस टिकला. म्हणजे किती पाहिले यापेक्षा किती निवांत राहिलो, याला महत्त्व.

आमच्या व्यवसायातले एक गणित इथे चपखल बसते. संगणकावर ८० टक्के भार असेल, तर रांगेतल्या कामाला सरासरी ज्या कामाला लागतो त्याच्या चौपट वेळ ताटकळावे लागते. भार ९५ टक्के झाला, की एकोणीसपट! यंत्राला थोडी मोकळीक ठेवावी लागते, हे आम्ही नोकरीत रोज सांगतो. माणसाचे वेळापत्रक मात्र शंभर टक्के भरतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो.

कवाईच का?

हवाईच्या मुख्य बेटांमध्ये कवाई सर्वांत जुने, सुमारे ५० लाख वर्षांचे. ज्वालामुखी कधीच विझलेला आहे. धगधगता किलाउएआ पाहायचा तर 'बिग आयलंड'वर जावे लागते. इथे आहे ती लाव्हाची झिजलेली, पावसाने कोरलेली आणि हिरवीगार झालेली भूमी. मधल्या वायआलेआले शिखरावर जगातल्या सर्वाधिक पावसांपैकी एक पडतो. पश्चिमेची वायमेआ दरी सुमारे दहा मैल लांब आणि तीन हजार फुटांहून खोल आहे. काळ्या खडकाचे थर आणि लाल माती पाहून सह्याद्रीची आठवण आल्यावाचून राहत नाही. त्याला कारणही आहे. आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांचा, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मानाने कवाई अगदीच शेंडेफळ.

हनालेईच्या खोऱ्यात उतरलो तर समोर अळूची शेतेच शेते! भातखाचरांसारखी पाण्याने भरलेली. हवाईयन लोकांचे हे मुख्य अन्न. कंद उकडून, कुटून 'पोई' करतात आणि पानांत मांस बांधून वाफवतात. पानाची वडी आपलीच मक्तेदारी नाही तर! हळदीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे, 'ओलेना'. नीरफणस आहे, रस्त्याच्या कडेला जांभळीची झाडे आहेत आणि कोंबड्या तर इतक्या, की गजराच्या घड्याळाची गरज नाही. बेटावर नारळाच्या झाडाहून उंच इमारत बांधायची नाही, असा दंडकच असल्याचे सांगतात. उंच इमारती दिसत नाहीत हे खरे. डोळ्यांना त्याचीही विश्रांती मिळते.

सोयीचा मुद्दाही महत्त्वाचा. हवाई १९५९ पासून अमेरिकेचे राज्य आहे. इथून थेट विमानाने गेल्यास हा देशांतर्गत प्रवास होतो. त्यामुळे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेल्या, पण कायदेशीर वास्तव्य असलेल्या मंडळींनाही जाता येते. कागदपत्रे जवळ ठेवावीत. मे २०२५ पासून विमानतळावर 'रिअल आयडी' किंवा पासपोर्ट लागतो, हेही लक्षात असू द्या.

खर्चाचा ताळेबंद

आमच्या दोघांचा खर्च, डॉलरमध्ये:

विमान (कॅलिफोर्नियातून) – ९००
स्वयंपाकघर असलेली जागा, ७ रात्री, सफाई धरून – १,८८०
निवासावरचे कर – ३४०
भाड्याची मोटार – ४८०
जेवणखाण, किराणा – ६००
ना पाली किनाऱ्याची बोटीची सहल – ४४०
प्रवेशशुल्क, पार्किंग, भेटवस्तू – २१०
एकूण – ४,८५०

आता यातल्या खाचाखोचा. निवासावर राज्य आणि काउंटी मिळून सुमारे १८ टक्के कर पडला. जानेवारी २०२६ पासून राज्याचा दर आणखी वाढला आहे. हॉटेलांच्या 'रिसॉर्ट फी'चा पूर्वी शेवटी धक्का बसे. मे २०२५ पासून संघराज्याच्या नियमानुसार जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत दाखवावी लागते. कर मात्र त्यात नसू शकतो.

मोटारीचा विमा खिडकीवर घाईने घेण्याआधी आपली घरची पॉलिसी आणि क्रेडिट कार्ड काय देते, ते घरूनच विचारून ठेवावे. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. ११ सप्टेंबर १९९२ रोजी 'इनिकी' वादळाने याच बेटाची दैना केली होती. प्रवासविमा घ्यायचा तर वादळाला नाव मिळण्याआधी घ्यावा. नंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत.

'फुकट सहल' देतो, फक्त दीड तास आमचे ऐका, असे म्हणणारे लोक जागोजागी भेटतात. ती टाइमशेअरची विक्री असते. कायद्याने करार रद्द करायला काही दिवस मिळतात खरे, पण सुट्टीतला दीड तास हीसुद्धा किंमतच आहे. आम्ही हात जोडून पुढे गेलो.

पैसे कुठून आणले? आम्ही वेगळ्या बचत खात्यात दरमहा ३२५ डॉलर टाकले. पंधरा महिन्यांत ४,८७५ झाले. हीच रक्कम क्रेडिट कार्डावर २२ टक्के व्याजाने घेतली आणि महिना १५० डॉलर भरत बसले, तर फेडायला चार वर्षांहून अधिक लागतात आणि व्याजच अडीच हजारांच्या वर जाते. आठ दिवसांची विश्रांती आणि चार वर्षांची काळजी, हा सौदा कोणी करू नये. शिवाय डच अभ्यासाप्रमाणे वाट बघण्यातच आनंद असेल, तर आम्हाला तो पंधरा महिने मिळाला!

रजेचाही हिशेब ठेवा. कॅलिफोर्नियात साठलेली रजा ही कमावलेली मजुरी मानतात. ती बुडत नाही आणि नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतात. पण कंपनी कमाल मर्यादा घालू शकते. ती गाठली, की नवी रजा साठणे थांबते. इतर अनेक राज्यांत न घेतलेली रजा बुडू शकते. 'अमर्याद रजा' देणाऱ्या कंपनीत तर सहसा काही साठतच नाही. तेव्हा आपली कंपनी कोणत्या प्रकारची आहे, ते आजच बघा.

तब्येत सांभाळा

समुद्र : पर्यटकांसाठी या बेटांवरचा सर्वांत मोठा धोका बुडण्याचा. हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर प्रचंड लाटा येतात, उन्हाळ्यात दक्षिणेकडे उधाण येऊ शकते. पोईपू, हनालेई, लिडगेट अशा जीवरक्षक असलेल्या ठिकाणीच उतरावे आणि त्यांना विचारूनच उतरावे. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नये. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर स्नॉर्केल लावण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

गोडे पाणी : ओढे आणि धबधब्यांखालचे डोह मोहात पाडतात. पण इथेही लेप्टोस्पायरोसिस आहे. होय, मुंबईच्या पावसाळ्यातला तोच 'लेप्टो'! अंगावर जखम, ओरखडा असेल तर पाण्यात जाऊ नये. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर ओढ्यात उतरल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. कच्च्या पालेभाज्या नीट निरखून, धुऊन खाव्यात. गोगलगायींमुळे पसरणारा एक परजीवी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो.

ऊन : आपल्या सावळ्या कातडीलाही ऊन भाजते. प्रवाळांना घातक मानलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमांची विक्री २०२१ पासून हवाईत बंद आहे. झिंक ऑक्साइडचे क्रीम न्यावे.

औषधे : गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. सुट्टीत गोळीला सुट्टी नाही! बेट छोटे आहे. गंभीर रुग्णाला होनोलुलूला हलवावे लागू शकते. आपल्या आरोग्यविम्यात राज्याबाहेर काय काय चालते, ते आधी विचारावे.

मग हाती काय लागले?

पहिले दोन दिवस जड गेले. नवऱ्याचा हात सारखा फोनकडे जाई आणि मी पुढचे काय काय करायचे त्याच्या याद्या करी. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. जाण्यासारखे कुठेच नव्हते. व्हरांड्यात बसून आम्ही खिचडी खाल्ली आणि दुपारी दोन तास झोपलो. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण दुपारी एकाच वेळी दोघे झोपल्याचे मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी बाजारातून पपई घेऊन येताना तो सहज म्हणाला, 'मला रात्रीची ड्यूटी नको झाली आहे.' त्याच्या गटात रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली, की यालाच उठावे लागे. हे तो दोन वर्षे बोलला नव्हता, कारण घरी आम्ही बोलत होतो ते गाडी, शाळा आणि हप्त्यांबद्दल. त्या संध्याकाळी कागद घेऊन बसलो. बोनस कमी झाला तर काय, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, आई-बाबांना पाठवतो त्यात खंड पडेल का, असे सगळे मांडले. आकडे जुळले. नोव्हेंबरात त्याने दुसऱ्या गटात बदली घेतली. वर्षाचे उत्पन्न थोडे कमी झाले आहे.

रक्तदाबाचे सांगायचे तर कवाईत तो उतरला होता. परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा थोडा चढला. गोळी चालू आहे, चालणेही चालू आहे. बदलीनंतर मात्र आकडा हळूहळू खाली येतो आहे. त्यात गोळीचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे डॉक्टरही सांगणार नाहीत.

मंडळी, कवाईलाच जायला हवे असे मुळीच नाही. गाडीने दोन तासांवरचे एखादे गावही चालेल. नियम दोनच. पैसे आधी साठवायचे आणि निम्म्याहून जास्त दिवस कोरे ठेवायचे. भारताच्या फेरीची तिकिटे आपण जशी सहा महिने आधी काढतो, तशीच या चार-आठ दिवसांची रजाही आधी टाकून ठेवा. मुलांना सांभाळायला आजी-आजोबा इथे असतील, तर तो मुहूर्त दवडू नका. आमच्या सासूबाईंनी परवा स्वतःहून विचारले, 'पुढच्या खेपेला कधी येऊ?' आम्ही कॅलेंडर काढले आहे.