जुन्या चौकटीतलं खेडं

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या गोदामात खेड्याचं जुनं जलरंगचित्र हाती आलं, तर आधी भिंग लावा. रंग बारीक ठिपक्यांचा दिसला तर ती छपाई. खऱ्या जलरंगात रंग कागदात मुरलेला असतो, खालून पेन्सिलीची रेष डोकावते. कागद उजेडासमोर धरा. ‘व्हॉटमन’ या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हाखाली साल दिसलं, तर चित्र त्याआधीचं नाही, एवढं नक्की. विलायती खेड्याच्या अशा चित्रांचा व्हिक्टोरियन काळ १८३७ ते १९०१ चा; बर्केट फॉस्टर, हेलन ॲलिंगहॅम या चित्रकारांच्या झोपड्या-कुंपणांचा.

पण चित्रात माळव्याची बैलगाडी निघाली, तर मला जास्त आनंद होईल. इंदुरात कलाशिक्षक द. दा. देवळालीकरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी असे चित्रकार घडले. अशा चित्राचं मोल विलायती झोपडीपेक्षा कमी समजू नका.

किंमत नुसत्या सहीवर ठरत नाही. चित्र कोणाकडून कोणाकडे आलं, याचे कागद लागतात. चौकटीखाली झाकलेली कड जरूर पाहा. तिथलं निळं गडद आणि बाकी आकाश फिकट असेल, तर उन्हाने किंमत खाल्ली आहे. तपकिरी डाग घरी पुसू नका. आणि चित्र शंभर वर्षांहून जुनं असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते खासगीरीत्या परदेशी विकता येत नाही.